टाकीबागेतलं माहेर

"पावणं, तुमची भाकरी तुमीच खावा. माझा भाऊ येनार हाय मला न्यायला," आई मला म्हणाली.

उंबऱ्यात बसली होती, मांडीवर गठुडं घेऊन. गठुड्यात एक लुगडं, फणी, कुंकवाची डबी आणि कुणाचं तरी लहानपणीचं अंगडं. माझंच असणार. कारण मी तिचा थोरला. मी ताट घेऊन पुढ्यात उकिडवा बसलेलो, आणि ती मला पावणं म्हणत होती.

"आई, मी सर्जा. सर्जेराव."

"आसशीला की. चांगलं नाव हाय."

आता ह्याच्यावर माणसानं काय बोलावं?

तिचं डोकं मागं मागं चाललं होतं. आधी आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं. मग नातवंडांची नावं गेली. मग माझी बायको मालन तिला शेजारीण वाटायला लागली. आणि त्या चैत्रात ती अशी मागं गेली की आम्ही सगळेच मागं राहिलो. आमच्याकडं चैत्र म्हणजे गावोगावच्या यात्रा. लेकी माहेरी येतात. भाऊ न्यायला जातो, त्याला मुराळी म्हणायचं. तर आई मुराळ्याची वाट बघत होती. आणि ज्या बाईचा भाऊ आत्ता येईल मग येईल, ती दुसऱ्याच्या घरी पाटावर कशाला बसतीय? घोटभर चहा घ्यायची, बास. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

डॉक्टर घरी आले, सलाईन लावली. आईनं सुई काढून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "तुमी बी जेवून जावा हां, उपाशी जाऊ नगा."

डॉक्टर बोळात आल्यावर मला म्हणाले, "सर्जेराव, पोटात काही गेलं नाही तर म्हातारी हाताला लागायची नाही. कसंही करा, पण खायला घाला."

मुराळी कुठनं आणू? दौलूमामाला जाऊन बरीच वर्षं झालेली. त्याची पोरं पुण्याला. आणि मामाचा मळा म्हणाल, तर तो नगरपालिकेनं कधीच घेतला. तिथं पाण्याची टाकी बांधली आणि टाकीखाली बाग केली. घसरगुंडी, सिमेंटचा जिराफ, कारंजं. सगळं गाव तिला टाकीची बाग म्हणायचं. आईचं माहेर म्हणजे आता ते.

मालन चुलीपाशी होती. तिथनंच म्हणाली, "मग न्या की तिथं."

"बागेत?"

"आत्यांना माहेरी जायचंय. माहेर जाग्यावर हाय. माणसं नसतील, झाडं तर हाईत."

"अगं पण तिथं जिराफ हाय आता!"

"जिराफ काय चावतोय व्हय?"

माझी बायको शाळेत माझ्यापेक्षा एक इयत्ता जास्त गेलेली. मी तिच्याशी फार वाद घालत नाही.

आबा परसात बाजेवर बसून तंबाखू मळत होता. आबा म्हणजे माझा बाप, धोंडीराम पिसाळ. सगळं ऐकत होता, पण ऐकत नसल्यासारखा. मालन दाराआडनं म्हणाली, "मामंजी, तुमी बी चला की. तेवढंच आत्यांना बरं वाटंल."

आबानं तंबाखूवर थाप मारली. "त्या मळ्यात म्या पाय ठिवला, तर बापाचं नाव लावनार न्हाई."

हे वाक्य आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेलो. जावयाचा मान राखला नाही, एवढंच आम्हाला ठाऊक. कसला मान, काय झालं, ते आबा सांगत नव्हता. मामा वारला तेव्हासुद्धा आबा मळ्याच्या बाहेर, रस्त्यावर उभा राहिलेला. उन्हात. पण आत गेला नाही. आईला विचारलं तर ती नुसती हसायची. "जाऊ दे. बाप्यांचं आसतंय कायतरी."

"मळा कुठं राहिलाय आबा आता," मी म्हणालो. "बाग हाय ती. सरकारी."

"माती तीच हाय," आबा म्हणाला आणि तोंडात बार भरला. बोलणं संपलं.

माझ्याकडं तेव्हा भाजीपाला ओढायचा तीनचाकी टेम्पो होता. मागं गादी टाकली, उशी ठेवली, आईला उचलून बसवली. तिला कळलं की माहेरी चाललोय. अंगात कुठनं बळ आलं कुणास ठाऊक, गादीवर ताठ बसली. छकड्यात बसल्यासारखी. बोळातल्या बायकांना हात करत होती.

"कुठं निघाला काकी?"

"यात्रंला!"

दिवस कलायला लागला होता. बागेच्या फाटकाशी टेम्पो लावला. आईनं चपला बाहेर काढून ठेवल्या. मालन म्हणाली, "राहू द्या आत्या, खडे टोचतील." आई म्हणाली, "रानात चपला घालून जात्यात व्हय कुणी?"

आणि मग ती आत चालत गेली. ती चाल मी विसरणार नाही. घरी तिला मोरीपर्यंत न्यायला दोन माणसं लागायची. इथं आमचा हात सोडून पुढं. फरशीची वाट सरळ कारंज्याकडं जात होती. आई मधेच वळली, जिथं वळण नव्हतं तिथं. मग चार पावलं एकदम जपून, एकापुढं एक, जसं बांधावरनं चालतात. मग एका मोकळ्या जागेला वळसा घालून गेली. तिथं काहीच नव्हतं, नुसती हिरवळ.

"आई, मधनं ये की."

"खळं हाय ते. सारवलेलं."

मी खाली बघितलं. गवतच होतं. पण खरं सांगतो, मी पण वळसा घालूनच गेलो.

चैत्र होता. पिंपळाला नवी पालवी, तांब्याच्या पत्र्यासारखी, वारा नसताना हलत होती. कडुलिंबाचा मोहर पडून सगळी फरशी पांढरी झालेली, कुणी रव्याचं पोतं सांडल्यासारखी. कोकिळा ओरडत होती आणि घसरगुंडीवरनं पोरं ओरडत होती, आणि दोन्ही आवाज लांबनं, पाण्याखालनं आल्यासारखे. मला असं वाटायला लागलं की ही सगळी माणसं, तो जिराफ, तो कुल्फीवाला, हे सगळं पडद्यावर काढलंय, आणि पडद्यामागं आईचा मळा तसाच चालू आहे. मोट चालली आहे, कुणीतरी बैलाला हाका घालतंय.

तेवढ्यात शिट्टी वाजली. कानठळ्या बसतील अशी.

"ए आजी! हिरवळीवरनं खाली! पाटी दिसत न्हाई?"

बागेचा वॉचमन. दस्तगीर त्याचं नाव. खाकी सदरा, तोंडात शिट्टी, हातात काठी. गावातली पोरं त्याला टरकून असायची. काठी आपटत आला. आईनं त्याच्याकडं बघितलं, आणि तिचं तोंड असं उजळलं की काय सांगू.

"दौलूदादा!" तिनं त्याचे दोन्ही हात धरले. "किती वाळलास रं! वैनी खायला घालत न्हाई व्हय? आनी मला न्यायला का आला न्हाईस? वाट बघून बघून डोळं शिनलं माझं."

दस्तगीरच्या तोंडातनं शिट्टी पडली. मी त्याला बाजूला घेतलं. हात जोडले. सगळं सांगितलं. चिडका माणूस, मला वाटलं हाकलून देईल.

"म्हंजी मी दौलू?"

"थोडा वेळ फक्त. ती खाईल तेवढा वेळ."

"आनी साहेब आला तर?"

"तर म्हणायचं, पावणं आल्यात."

तो आईकडं बघत राहिला. मग जवळ गेला, काठी लपवायची तशी पाठीमागं धरली आणि म्हणाला, "बस... बस सगू. जेवलीस का?" नाव मीच कानात सांगितलं होतं.

"न्हाई की रं. परक्याच्या घरी कुठं जेऊ?"

मागं एक जुना आंबा होता. त्याच्या शेजारी विहीर, आता लोखंडी जाळी घालून रंग दिलेली. आई आंब्याच्या बुंध्याला टेकून बसली, तिथं बसायचा दगडच होता जणू. मालननं फडकं सोडलं. भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, मिठाची पुडी. मालननं घास पुढं केला तर आई हसून मान फिरवायची. शेवटी दस्तगीरनं खाली बसून भाकरी मोडली आणि तिच्या हातात दिली.

"खा सगू."

तिनं खाल्ली. बघा, आई भाकरी खात होती आणि आम्ही तिघं तिच्या तोंडाकडं बघत होतो, सर्कस बघावी तसं. अर्धी संपली. मग पिठलं मागून घेतलं. मग सबंध संपली. मालननं पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, "लिंबाचा मोहर गेला डोळ्यात."

"दादा, कैरी पाड की," आई म्हणाली.

दस्तगीर माझ्याकडं बघायला लागला. त्या आंब्याचा लिलाव झालेला. कैरीला हात लावला की शिट्टी, असा त्याचा स्वतःचाच नियम. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि काठीनं एक कैरी खाली घेतली. आईनं ती दगडावर फोडून मीठ लावून खाल्ली, डोळा बारीक करून. आणि तेवढ्यात पलीकडं एका पोरानं तेच बघून आंब्याला दगड मारला, तर दस्तगीरनं एवढ्या जोरात शिट्टी फुंकली की पोरगं कारंज्यापर्यंत पळालं.

"तुझा राग काय जाईना बाई दादा," आई म्हणाली.

उन्हं उतरली. मी म्हणालो, "चल आई, निघू."

"तुमी व्हा म्होरं पावणं. मला ह्यांनी सांगितलंय, थांब, आलो. हे आल्याबिगर कशी जाऊ?"

मी तिचा हात धरला. तर ती अशी ओरडली, की बागेतली माणसं उभी राहिली. तरण्या बाईला कुणी पळवून नेत असावं, तसा आवाज. मी हात सोडला. दस्तगीरनं सांगून बघितलं, "सगू, जा बाई आता, दिवस मावळंल." तर तिचे डोळे भरून आले. "दादा, तू मला एकलीलाच लावतोस? लोक म्हणतील, भावानं हाकलून दिली. सासरचं मानूस न्यायला आल्याबिगर कुठली लेक जाती?"

ते काही खोटं नव्हतं. आमच्यात असंच असतं. माहेरी न्यायला मुराळी येतो, आणि परत न्यायला सासरचं माणूस यावं लागतं. आपण होऊन निघाली तर दोन्ही घरांचं नाक जातं.

"उचलून नेऊ," मी म्हणालो.

"पोतं हाय व्हय ते बटाट्याचं?" मालन म्हणाली. "आत्ताच कुठं पोटात घास गेलाय. अशी ओढून नेली तर उद्यापासनं पानी बी घ्यायच्या न्हाईत. जावा, मामंजींना आना."

"ते येतील?"

"ते तुमी बघा. मी हितं बसते."

घरी आलो तर आबा बाजेवर नव्हता. दारात उभा. रस्त्याकडं डोळे लावून. मला एकट्याला बघितलं आणि खांबाला धरलं.

"खाल्लं का तिनं?"

"खाल्लं. सबंध भाकरी. वर कैरी."

"मीठ लावून?"

"हो."

"तिला मीठ लई लागतंय," आबा म्हणाला आणि खाली बसला. "मग कुठं हाय?"

"यायला तयार नाही. विहिरीपाशी आंब्याला टेकून बसलीय. म्हणते, ह्यांनी सांगितलंय, थांब, आलो."

आबा तंबाखूची पिशवी नुसती हातात फिरवत राहिला.

"आबा?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्साची यात्रा," तो म्हणाला. "मी तिला न्यायला गेलो हुतो. पंगत बसली. जावयाला फेटा बांधायची रीत हाय त्यांच्यात. दौल्यानं आधी थोरल्या जावयाला बांधला. मग म्हनला, दुसरा फेटा सापडंना, धोंडीबा, तुमचा फुडल्या साली. सगळी पंगत हसली. चेष्टा आसंल त्याची. पर मी तरना हुतो, डोस्कं भडाकलं. ताटावरनं उठलो. ही मागनं पळत आली. म्हनली, मी बी येते. मी म्हनलो, थांब, आलो."

"मग?"

"मग काय. गेलो न्हाई. वड्याच्या पलीकडं बोर हुती, तिच्याखाली बसलो. म्हनलं, दौल्या येईल समजूत काढायला. ही आंब्याखाली गठुडं घिऊन बसलेली. मला तिथनं दिसत हुती. दिवस मावळस्तवर बसली. तिला काय मी दिसत न्हवतो. कोन आलं न्हाई. मी तसाच उठून घरी."

"आणि आई? ती घरी कशी आली?"

आबा उठला, आत गेला. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा धोतर नेसलेला आणि हातात किरमिजी फेटा.

हा फेटा मी कधी बघितला नव्हता. आबा जन्मभर टोपीवाला. फेट्याच्या घड्यांतनं कडुलिंबाचा वाळका पाला खाली पडला.

"दौल्यानं मागनं धाडला हुता," आबा म्हणाला. "मी फेकून दिला. हिनं उचलून ठिवला. दरसाल पाला बदलायची, कसर लागू नये म्हनून."

टेम्पोच्या आरशात वाकून बघत त्यानं तो बांधला. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा बसला. मग माझ्याकडं वळला.

"वळखंल न्हवं?"

"ओळखेल की," मी म्हणालो.

फाटकाशी आबानं पायताण काढलं. आईच्या चपलांच्या शेजारी ठेवलं, नीट जोडीनं. एक पाय उचलला आणि तसाच थांबला.

"काय झालं, आबा?"

"काय न्हाई," म्हणाला. आणि पाय आत टाकला.

ऊन आता नुसतं झाडांच्या शेंड्यांना होतं. खाली सगळं निळसर. बागेतली गर्दी पांगलेली. माळ्यानं पाइप लावून पाणी सोडलेलं, ओल्या मातीचा वास येत होता, आणि लिंबाचा मोहर अजून पडतच होता, आवाज न करता. आईच्या केसांवर, खांद्यावर, मांडीवरच्या गठुड्यावर पांढरा थर. मालन तिच्याजवळ बसलेली. दस्तगीर जरा लांब, काठीवर हनुवटी टेकून.

आबा हिरवळीवरनं चालत गेला. आईच्या पुढं जाऊन उभा राहिला. फेटा सारखा केला.

"सगुणे," तो म्हणाला. "चल. आलोय न्यायला."

आईनं वर बघितलं. तिचं तोंड खुललं. मला वाटलं, झालं, मिटलं.

आणि ती लगबगीनं उठली. पदर डोक्यावरनं पुढं ओढला, पार कपाळाच्या खाली. गठुडं बाजूला ठेवलं आणि खाली वाकून आबाच्या पायांवर डोकं टेकलं.

"मामंजी! तुमी कशाला आलासा एवढ्या लांब? ह्यांना धाडायचं न्हाई व्हय?"

मालननं माझा दंड धरला.

मी आबाकडं बघितलं. आमच्या घरी आजोबांचा एकच फोटो होता, भिंतीवर. फेटा, पांढऱ्या मिशा, जरा पुढं वाकलेले खांदे. तोच फोटो आंब्याखाली उभा होता. हा माणूस नवरा म्हणून तिनं ओळखावा म्हणून फेटा बांधून आला, आणि फेट्यानंच तो त्याचा बाप झाला. तिच्या मनातला नवरा तर विशीतला होता, टोपीतला, तांबडाबुंद झालेला.

आबानं तोंड उघडलं. मला वाटलं आता म्हणेल, अगं, मीच तो. डोळे उघड की जरा. त्यानं फेट्याला हात लावला. मग हात खाली घेतला.

"पोरी," तो म्हणाला. आयुष्यात त्यानं तिला कधी पोरी म्हटलं नव्हतं. आवाजसुद्धा वेगळाच आला, खोल, जुना. "पोरी, तो यायला लाजला."

"लाजायचं काय त्यात?"

"चुकलं त्याचं. ताटावरनं उठायला नगं हुतं. तुला थांब म्हनून सांगितलं, आनी..." आबा थांबला. "आनी आला न्हाई. माझा ल्योक हाय, पर गाढव हाय. तू मनात ठिवू नगंस."

आई पदराआडनं हसली. तरणी पोर हसते तसं, दाबून.

"त्यांना रागवू नगा मामंजी. ते काय लांब गेल्यात व्हय? त्या तिथं हाईत की." तिनं पदरातनंच बोट केलं, घसरगुंडीच्या पलीकडं, जिथं एक रिकामा बाक होता. "बोरीखाली. मगाधरनं बसल्यात. मला हितनं सगळं दिसतंय. टोपी काढत्यात, घालत्यात. खडं मारत्यात वड्यात."

आबा वळला. त्या बाकाकडं बघत राहिला.

"तुला... दिसतोय त्यो?"

"न दिसाया काय झालं? मी काय आंधळी हाय?" आई आवाज बारीक करून म्हणाली. "मी हाक मारनार हुते. पर म्हनलं, दादानं मारली तर त्यांचा मान ऱ्हाईल. दादा काय मारंना. मग मी बी बसले. जवर ते बसत्यात तवर मी बसनार. एकलं कशाला सोडायचं?"

माळ्यानं पाणी बंद केलं असावं. एकदम शांत झालं.

"मामंजी," आई म्हणाली, "त्यांना सांगू नगा हां, मला ते दिसलं म्हनून. लाजतील. फुकट जल्मभर लाजत बसतील."

आबाच्या मिशा हलत होत्या.

"न्हाई सांगत," तो म्हणाला.

"आनी फेटा बांधला वाटतं दादानं? बरं झालं. ह्यांचा मान हुता त्यो. तुमच्या डोक्यावर काय, ह्यांच्या डोक्यावर काय, एकच." मग ती दस्तगीरकडं वळली. "दादा, येते रं. वैनीला सांग. आनी राग कमी कर जरा."

दस्तगीरनं शिट्टीचा गोफ गळ्यातनं काढून मुठीत धरला होता. "व्हय सगू," म्हणाला. "फुडल्या यात्रंला ये." आणि माझी शप्पथ, भाऊ सोडायला येतो तसा फाटकापर्यंत आला.

आबा पुढं, आई मागं, चार पावलं अंतर ठेवून, पदर डोक्यावर. सासऱ्याच्या मागनं सून चालते तशी. टेम्पोत ती मागं मालनपाशी बसली. आबा पुढं माझ्या शेजारी. फेटा टपाला लागत होता म्हणून मान वाकडी करून बसलेला. चौक गेला, टाकी मागं पडली. तेव्हा म्हणाला,

"त्या बारीला बी माझा बाच गेला हुता तिला आनायला. दुसऱ्या दिवशी, सकाळी. हीच जागा. मला त्यानं कवा सांगितलं न्हाई, ती काय बोलली त्ये."

मी गिअर टाकला. दुसरं काय करणार?

त्या दिवसापासनं आई जेवायला लागली. माहेरी जाऊन आली होती, आता हे तिचं सासर होतं, आणि सासरी सासऱ्यानं जेव म्हटलं की जेवायचं. आबा खोलीत शिरायच्या आधी बाहेर खाकरायचा. खाकरला की ती पदर घ्यायची. तो उंबऱ्याबाहेर बसायचा, ती आत. जेवली का पोरी, म्हणायचा. जेवले मामंजी, म्हणायची. दिवेलागणीला न चुकता विचारायची, "हे आलं न्हाईत अजून?"

"येतोय. बांधावर हाय," आबा सांगायचा.

पुढच्या यात्रेच्या आत ती गेली. झोपेतच गेली, शांत. शेवटपर्यंत तिनं आबाला मामंजीच म्हटलं. एकदासुद्धा अहो म्हटलं नाही.

नंतरच्या चैत्रात आबा रोज संध्याकाळी फेटा बांधून बागेत जायला लागला. घसरगुंडीच्या पलीकडच्या त्या बाकावर बसायचा. तिथं झाड नाही, काही नाही, उन्हाची तिरीप थेट डोळ्यात. मी एकदा म्हणालो, "आबा, इकडं आंब्याखाली बसा की. सावली हाय."

"नगं," म्हणाला. "हितनं दिसतंय."

बाग बंद व्हायची वेळ झाली की दस्तगीर शिट्टी फुंकत सगळीकडनं फिरायचा. पोरं पळायची, माणसं फाटकाकडं निघायची. आबा बाकावरनं उठायचा, फेटा सारखा करायचा आणि समोर आंब्याकडं बघून म्हणायचा, "थांब, आलो."

आणि जायचा. सरळ, हिरवळीवरनं. खळ्याला तेवढा वळसा घालून.

दस्तगीर तोंडातली शिट्टी काढून हातात घ्यायचा.